खोडाभोवतीचा पाला

"बुवा, थंडी आधी शेंड्याला मारते की मुळाला?"

हैबतरावांनी हे विचारलं तेव्हा मी तिथंच होतो. देवाशप्पथ सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. माझ्या दोन्ही कानांनी ऐकलेली.

म्हणजे एका कानानं म्हणा. दुसऱ्यात तेव्हा आपट्याचं पान शिरलं होतं.

आणि तिथंच होतो म्हणजे अगदी मांडीला मांडी लावून नव्हतो. मठाच्या मागे पाल्याचा खड्डा आहे, त्यात उतरून मी पाला तुडवत होतो. तुडवताना पानांचा आवाज होतो. त्यामुळं काही शब्द निसटले असतील, ते मी नंतर माझ्याकडचे घातले.

पण गोष्ट खरी आहे.

पाचोळेबुवांचा मठ आमच्या पठाराच्या कडेला आहे. मठ म्हणजे पत्र्याची एक खोली, त्यांच्या गुरूंची समाधी आणि मागे बाग. पेरू, अंजीर, लिंबू, दोन-चार फुलझाडं. बुवांचं मूळ नाव कुणाला माहीत नाही. पाचोळा गोळा करतात म्हणून पाचोळेबुवा.

या पठारावर हिवाळ्यात दव गोठतं. सकाळी बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरतो. एका वर्षी तर बुवांची जांभई तोंडातच गोठली आणि पार संक्रांतीला मिटली, असं मी लोकांना सांगतो.

म्हणून दसरा झाला की बुवांना दुसरं काही सुचत नाही. वाढलेलं गवत कापायचं, वाळक्या फांद्या छाटायच्या, आळी नीट करायची आणि थंडी यायच्या आत एकेका झाडाच्या पायाशी पाला अंथरायचा. पाला ते कधी विकत घेत नाहीत. त्यांचा नियम ठरलेला आहे. या दिवसांत जो कोणी प्रश्न घेऊन येईल, त्यानं आधी एक पोतं पाला आणायचा. प्रश्न मोक्षाचा असो नाहीतर पोरीच्या लग्नाचा.

एक पोतं, एक प्रश्न.

लोकही काही कमी नाहीत. दसऱ्याला ज्या आपट्याच्या पानांना सोनं म्हणून एकमेकांच्या हातात देतात, पाया पडतात, गळ्यात पडतात, ती दुसऱ्या सकाळी बाजारपेठेत तुडवली जात असतात. ती झाडून आणतात. दुकानांच्या दारावरच्या सुकलेल्या झेंडूच्या माळा आणतात. पेंढा आणतात, भाताचं तूस आणतात.

एकदा पुण्याचे एक साहेब आले. गाडीतून नारळाच्या भुशाच्या गोण्या घेऊन. विकतच्या. गोणीवर हसणाऱ्या बाईचं चित्र.

बुवा म्हणाले, "परत न्या. विकतचं माझ्या झाडांना पचत नाही."

"मग मी प्रश्न कसा विचारू?"

"खाली वडाचं झाड लागलं ना वाटेत? तिथं वाका."

साहेब गेले. वाकले. पोतं भरता भरता संध्याकाळ झाली, आणि वर आले तेव्हा विचारायचं काय होतं तेच आठवेना. पाला ठेवून निघून गेले बिचारे.

तर असा तो मठ. आणि तिथं दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी हैबतराव बावळेकर आले.

हैबतराव म्हणजे आमच्याकडचं बडं प्रस्थ. नर्सरीवाले. त्यांच्या हातची स्ट्रॉबेरीची रोपं दोन-दोन राज्यांत जातात. मेळाव्यात शेतकऱ्यांपुढं भाषण करतात. चालताना जमिनीकडं असं बघतात की मातीनं उठून नमस्कार करावा.

ते पोतं घेऊन आले नाहीत. ट्रॅक्टरची ट्रॉली भरून आले, स्वतः चालवत.

"ही एवढी ट्रॉली, बुवा. यात किती प्रश्न बसतात?"

बुवा पाला ओढायच्या दाताळ्यावर हनुवटी टेकून उभे होते. त्यांनी ट्रॉलीकडं पाहिलं. मग हैबतरावांकडं पाहिलं.

"एकच. मोठा दिसतोय."

तेव्हा हैबतरावांनी तो प्रश्न विचारला. थंडी आधी शेंड्याला मारते की मुळाला?

"हे तुला येतं," बुवा म्हणाले. "तुझा प्रश्न हा नाही. पाला उतरव तोवर."

हैबतराव पाला उतरवू लागले. मी खड्ड्यातून बघत होतो. हाताखाली माणसं बाळगणारा माणूस, पण फावडं असं चालवत होता की कुणी मागे लागलंय.

फावडं चालवता चालवता बोलले.

"ओढ्याच्या बांधाला माझा सोनचाफा आहे, बुवा. तिसरा. आधीचे दोन थंडीनं गेले."

तो चाफा कुठं आहे ते आमच्या अख्ख्या पठाराला ठाऊक आहे. त्याखाली हैबतरावांची मुलगी आहे. रेवा. नुकती कुठं आधाराशिवाय बसायला लागली होती. पौषात ताप आला आणि गेली. इतक्या लहानांना आपल्याकडं जाळत नाहीत, मातीत ठेवतात. वर दगड रचतात, जनावरांनी उकरू नये म्हणून. हैबतरावांनी दगड रचले आणि उशाशी चाफा लावला.

पहिल्या हिवाळ्यात तो वाळला. दुसरा लावला. त्याला अधिक पाला घातला. तोही वाळला. मग तिसरा लावला. यंदा तर त्यांनी घटस्थापनेलाच त्याला झाकून टाकलं होतं. पाऊस अजून पुरता गेला नव्हता आणि अंगाला घामाच्या धारा लागत होत्या तेव्हा.

"इंदू म्हणते, हा गेला तर आता पुन्हा लावू नका." इंदू म्हणजे इंदुमतीबाई, त्यांच्या पत्नी. "म्हणते, दरवर्षी तिला पोचवून येणं मला होत नाही. पुन्हा रोप आणलंत तर मी या घरात राहणार नाही... बुवा, हा जगला पाहिजे."

बुवांनी दाताळं पेरूला टेकवून ठेवलं.

"तुझ्याकडून रोप घेऊन जाणाऱ्याला काय सांगतोस तू?"

"कशाबद्दल?"

"पाल्याबद्दल."

हैबतराव ताठ झाले. मेळाव्यात होतात तसे. आवाजही तोच लागला.

"पाला भरपूर टाका. पण खोडाला टेकवू नका. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, वारा खेळू द्या. खोडाशी पाला दाबला की ओल धरते, साल कुजते. झाड थंडीनं नाही मरत, आपण ते..."

इथं त्यांचं भाषण तुटलं.

"आणि चाफ्याला?" बुवांनी विचारलं. "हैबती, चाफ्याला कसा घालतोस?"

"पार फांदीपर्यंत."

"दाबून?"

"दाबून. वर गोणपाट. त्यावर सुतळी."

"आणि चार बोटं?"

हैबतराव फावड्याच्या दांड्याकडं बघत राहिले.

"तिथं उघडं ठेवायला हात होत नाही, बुवा."

मी तुडवायचा थांबलो होतो. बुवांना ते दिसलं.

"लबाडा, वर ये," ते म्हणाले. मला ते याच नावानं हाक मारतात, का ते विचारू नका.

मी वर आलो आणि बुवा खाली उतरले. खड्ड्यात मांडी घालून बसले. बाहेर दसऱ्यानंतरचं ते ऊन, ज्यात पत्र्यावर पापड भाजावा. आणि बुवा दोन्ही हात काखेत घालून कुडकुडायला लागले.

"हैबती, थंडी वाजतेय. घाल."

"काय घालू?"

"पाला घाल. एवढा आणलायस ना?"

हैबतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. बुवांचं डोकं कधी कधी असं चालतं, आणि तेव्हा ते म्हणतील तसं करून मोकळं व्हावं, हा माझा अनुभव.

हैबतरावांनी फावड्यानं पाला लोटला. मांडी झाकली. पोट झाकलं.

"अजून."

मग त्यांनी फावडं टाकलं आणि हातानं घालायला लागले. आधी उरकायचं म्हणून घालत होते. पण हळूहळू हात वेगळे चालायला लागले. पाल्यातली काटकी वेचून बाजूला टाकायची. काटा असेल तर बघायचा. पानं काखेशी खोचायची, मानेशी दाबायची. लहान मूल निजलं की गोधडीच्या कडा सगळीकडून दाबतात ना, तसे.

"अजून."

हनुवटी झाकली. ओठ झाकले. आता बुवांचा आवाज पानांतून येत होता.

"अजून."

नाक आणि डोळे तेवढे राहिले. हैबतरावांनी आणखी एक ओंजळ भरली, पुढं नेली, आणि ती ओंजळ तशीच अधांतरी राहिली.

बुवांच्या ओठांवरची पानं हलली. "थांबलास का?" असं काहीतरी ते म्हणाले असावेत.

"श्वास कोंडेल, बुवा."

हे ते बोलले. आणि मग त्यांना ते ऐकू आलं.

ओंजळीतली पानं एकेक करून खाली पडली. बुवांच्या नाकाखाली आपट्याचं एक पान होतं, ते श्वासासरशी उचलायचं आणि बसायचं. उचलायचं आणि बसायचं. हैबतराव त्या पानाकडं बघत खड्ड्याच्या काठावर बसले.

"इंदू म्हणत होती, काढा ते. अंग भाजतंय तिचं, काढा. दवाखान्यातल्या बाईंनीही सांगितलं होतं, मोकळं ठेवा, ओल्या फडक्यानं पुसा... मी म्हटलं, बाहेर हिंव पडतंय आणि मोकळं कसलं ठेवता? इंदूच्या हातातून गोधडी ओढून घेतली मी. वर घोंगडं घातलं. खिडकी लावली. पोर हात बाहेर काढायची, मी आत घालायचो. काढायची, घालायचो. मग तिनं काढला नाही... मला वाटलं, ऊब लागली. निजली."

पेरूवर एक बुलबुल ओरडत होता. मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

"बुवा, माझा प्रश्न हा आहे." आता मेळाव्यातला आवाज कुठल्या कुठं गेला होता. "ती तापानं गेली, का..."

आणि इथं बुवा शिंकले.

शिंक अशी की खड्डाच्या खड्डा उसळला. पानं उडाली ती कडा ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात गेली, तिथल्या लोकांना वाटलं यंदा दसरा दोनदा आला. एरवी हे सांगितलं की माणसं पोट धरून हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

बुवांनी तोंडावरची पानं पुसली. हैबतरावांकडं पाहिलं.

"मला ठाऊक नाही."

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"नाही."

"डॉक्टरला ठाऊक असेल?"

"तेव्हा असतं तर असतं. आता नाही."

"मग मी कुणाला विचारू? बुवा! अख्खी ट्रॉली आणलीय मी!"

"हवी तर परत ने."

हैबतरावांनी मान खाली घातली. मला वाटलं आता हा माणूस बुवांच्या अंगावर धावून जाणार. मी फावडं हळूच माझ्याकडं ओढून घेतलं. पण ते काठावर तसेच बसून राहिले. बुवा खड्ड्यातून वर आले, पायात वहाणा घातल्या आणि ओढ्याच्या वाटेला लागले. थोड्या वेळानं हैबतरावही उठले. त्यांच्या मागून मी.

चाफा बांधाला होता. चाफा कसला, गोणपाटात बांधलेलं गाठोडं, वरून हिरवा शेंडा बाहेर. पायाशी दगड, स्वच्छ धुतलेले.

सुतळी हैबतरावांनीच सोडली. गोणपाट बाजूला केलं. आत पाला दमट होता, हात घातला तर गरम. कुबट वास आला. वरचा थर काढला, खालचा काढला, आणि अगदी आतला खोडाला चिकटलेला होता, तो बोटांनी सोडवावा लागला.

खोड काळं पडलं होतं.

हैबतरावांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. आयुष्यभर रोपं दाबून बघितलेला अंगठा. साल सरकली आणि त्यांच्या अंगठ्याबरोबर निघून आली, उकडलेल्या बटाट्याची येते तशी. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती.

वर शेंड्याला मात्र पानं हिरवीगार होती. त्याला अजून काही कळलंच नव्हतं.

"आता?" हैबतरावांनी विचारलं.

"उघडं राहू दे."

"मरेल."

"हो."

"मरणारच असेल तर मग उघडं कशाला?"

बुवांनी खाली पडलेलं गोणपाट उचललं, झटकलं, त्याची नीट घडी केली. लहानशी, चौकोनी. आणि ती घडी हैबतरावांच्या दोन्ही हातांवर ठेवली.

हैबतराव ती घेऊन उभे राहिले. तशीच घेऊन घरी गेले. ट्रॉली मठातच राहिली.

त्या वर्षी थंडी कडक पडली. हैबतराव रोज सकाळी बांधावर जायचे. चाफ्याला काही घालायचे नाहीत. नुसते उभे राहायचे. मार्गशीर्षात शेंडा काळवंडला, पानं गळाली. एक दिवस इंदुमतीबाईही आल्या. थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या. दोघांत बोलणं झालं नाही, पण त्या परत फिरेपर्यंत हैबतराव फिरले नाहीत.

आणि मग फाल्गुनात, ऊन चढायला लागलं तेव्हा, त्या काळ्या खोडाच्या पार तळाशी, मातीतून, तांदळाच्या दाण्याएवढा तांबूस कोंब वर आला.

इथं मी थांबतो. ऐकणारे 'अरे वा' म्हणतात. बायका पदरानं डोळे टिपतात. पोतं घेऊन वर आलेला माणूस पोतं रिकामं करून हलक्या पायानं उतार उतरतो.

आता सुरुवातीला देवाची शपथ घेतलीच आहे, तर सांगून टाकतो.

जांभई गोठली नव्हती, हे तुम्ही ओळखलंच असेल. शिंकेनं उडालेली पानं दुसऱ्या खोऱ्यात गेली नाहीत, बुवांच्या दाढीतच अडकून बसली होती. आणि कोंब आला नाही.

फाल्गुनात हैबतरावांनी ते खोड एका हातानं ओढलं. जोर लावावा लागला नाही. मुळं नव्हतीच खाली. त्यांनी दुसरं रोप आणलं नाही. आता तिथं नुसते दगड आहेत. इंदुमतीबाई घर सोडून गेल्या नाहीत, पण त्या घरातून बोलण्याचा आवाज मी अजून ऐकलेला नाही.

दसरा झाला की हैबतराव मठात येतात. चालत. बाजारपेठेत झाडून घेतलेल्या आपट्याच्या पानांचं एक पोतं डोक्यावर. पोतं खड्ड्यात रिकामं करतात, घडी करून काखेत मारतात आणि निघतात. प्रश्न विचारत नाहीत.

मागच्या वर्षी वाईकडचं एक जोडपं आलं होतं. त्यांचंही काहीतरी असंच होतं. मी त्यांना ही गोष्ट सांगत होतो, कोंबासकट. ते उतरून गेले तेव्हा वळून बघितलं, तर बुवा मागे पेरूपाशी उकिडवे बसलेले. पाला अंथरत होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"लबाडा, कोंब कधी आला रे?"

"आला नाही, बुवा."

"मग सांगतोस कशाला?"

मला एरवी थाप सुचायला वेळ लागत नाही. त्या दिवशी एकही सुचली नाही.

"तिथं उघडं ठेवायला जीभ होत नाही, बुवा."

बुवा पेरूकडं वळले. पेरूच्या खोडाला टेकलेला पाला त्यांनी बोटांनी मागे ओढला. सगळीकडून. चार बोटं.

"सांग हवं तर," ते म्हणाले. "पण फार पांघरूण घालू नकोस."